सल्ला : हात न मिळवता निघून आलो, आता काय करू?

प्रिय ताई,

मी २३ वर्षांचा, रायगड जिल्ह्यातल्या एका गावातला. कबड्डी खेळतो, चढाईपटू आहे. दोन हंगाम एका व्यावसायिक लीगच्या संघात काढले, यंदा पहिल्या सातांत जागा मिळाली. एका सामन्यात मी अकरा गुण आणले आणि आम्ही जिंकलो. शिट्टी झाल्यावर मी समोरच्या संघाच्या बाकापुढे गेलो, मांडीवर थाप मारली आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याचं रील खूप फिरलं.

परतीचा सामना त्याच संघाशी होता. शेवटची चढाई माझी, आम्ही एका गुणानं मागे. डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूनं घोटा धरला. माझं म्हणणं, माझी बोटं मध्यरेषेला लागली होती, म्हणजे मी सुटलो होतो. पंचांनी दिलं नाही आणि आमचा रिव्ह्यू आधीच संपला होता. मी ओरडत पंचांच्या अंगावर गेलो. कॅप्टननं मला ओढून बाजूला नेलं. कुणाशी हात न मिळवता मी आत गेलो, खुर्चीला लाथ मारली. रात्री इन्स्टाग्रामवर पंचांबद्दल नको ते लिहिलं, सकाळी संघानं ते काढायला लावलं. आता दोन सामने बाहेर बसवलंय.

आई नीट बोलत नाही. गावातली पोरं म्हणतात, रग दाखवलीस ते बरं केलंस. ताई, शांत राहायचं म्हणजे रग मारून टाकायची का? जिंकल्यावर आनंदही करायचा नाही का? त्या कोपरारक्षकाला मी काय तोंड दाखवू? आणि हे बाहेर बसणं मला सोसत नाही. तेवढा धीर माझ्यात नाहीच.

– एक चढाईपटू

———

आधी रगीचं बोलू. तुझी खरी अडचण तिथे आहे. शांत राहिलो तर रग जाईल, रग गेली तर चढाई जाईल, ही भीती तुझ्या पत्रात ओळीओळीला आहे. गावातली पोरं शाबासकी देतात तेव्हा त्या भीतीलाच खतपाणी घालतात.

रगीशिवाय कबड्डी नाही हे मलाही मान्य. सात जणांच्या अंगणात एकट्यानं शिरायचं, तीस सेकंद दम टिकवायचा, गुण घेऊन परत यायचं. मवाळ माणसाचं हे काम नाही. पण तुझं जे रील फिरलं त्याच्या आधीचा सामना मी पाहिलाय. उत्तरार्धातली तुझी एक चढाई मला अजून आठवते. चढाईत ओलांडावी लागते ती निदान रेषा ओलांडून तू थांबलास. पुढचा पाय नुसता जमिनीला टेकलेला, वजन सगळं मागच्या पायावर. डावा कोपरारक्षक खाली वाकला, तू हलला नाहीस. पुन्हा वाकला, तरी नाही. तिसऱ्या वेळी त्यानं पुढच्या पायावर वजन टाकलं मात्र, तुझा अंगठा त्याच्या गुडघ्याला लागून तू वळलासुद्धा होतास. मध्यरक्षक येईपर्यंत तू घरी.

ती चढाई धीराची होती. त्या क्षणी तुझ्यात रग नव्हती असं कुणी म्हणेल का? रग होती म्हणूनच तू तिथे थांबू शकलास. उतावळा चढाईपटू पहिल्या वाकण्यालाच हात टाकतो आणि घोटा देऊन बसतो. दोन गुणांची आघाडी आहे, एक मिनिट उरलंय, तेव्हा तीस सेकंद पुरेपूर वापरून रिकामा परत येतोस ना? समोरचे डिवचत असतात, प्रेक्षक आरडाओरडा करत असतात, आणि तू घड्याळ बघत थांबतोस. तेव्हा ‘माझ्यात धीर नाही’ हे तुझं वाक्य मला पटत नाही. शिट्टीच्या आधी तो तुझ्याकडे भरपूर आहे. शिट्टीनंतर काय करायचं हे मात्र तुला कुणी शिकवलंच नाही. वर्षानुवर्षं पायाचा सराव घेतला, पकडीतून सुटायचा सराव घेतला. हरल्यावरच्या पहिल्या मिनिटाचा सराव कुणी घेतला? आपल्याकडे हे गृहीत धरतात. घरचे संस्कार चांगले असतील तर पोरगा आपोआप नीट वागेल, असं. तुझ्या घरचे संस्कार चांगलेच आहेत, नाहीतर आई बोलायची थांबली नसती. पण नाडी धडधडत असताना, छातीवर चार माणसं पडलेली असताना संस्कार आठवत नाहीत. तेव्हा अंगाला लागलेली सवय कामाला येते.

म्हणून आता सवयीचं सांगते. मी मुलींचा संघ शिकवते, तिथे आम्ही हे मुद्दाम करतो. सरावाच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरली की मी पंच होते आणि एक निर्णय ठरवून चुकीचा देते. कधी बोनस गुण नाकारते, कधी स्पर्श झालाच नव्हता तिथे गडी बाद करते. मुलींना ठाऊक असतं की आज कधीतरी हे होणार, पण कधी ते ठाऊक नसतं. सुरुवातीला रडारड होते, ‘काय हो ताई’ होतं. मग नियम असा की बोलायचं ते फक्त कर्णधारानं, आणि बाकीच्या सहा जणींनी पुढच्या चढाईच्या आधी आपापल्या जागी उभं राहायचं, हात धरून साखळी करायची. ज्या मुलीवर अन्याय झालाय तिनं पहिलं काम करायचं ते श्वास सोडायचं. घ्यायचं नाही, सोडायचं. लांब. चिडलेला माणूस श्वास कोंडून धरतो आणि कोंडलेल्या श्वासाबरोबरच तोंडातून नको ते निघतं. तुझ्या प्रशिक्षकांना सांगून हे तुमच्याकडे सुरू कर. नाही म्हणाले तर खोलीतल्या जोडीदाराबरोबर कर.

हरल्यानंतरचं पहिलं मिनिट असं बांध. तू मॅटवर पडलायस, अंगावरचे गडी उठतायत. तुला धरणारा बहुतेक वेळा हात पुढे करतो. तो हात धरून उठ. तोंडानं काही बोलायची गरज नाही, ‘चांगली धरलीस’ एवढं जमलं तर सोनं. मग समोरच्या संघाची रांग. मग पंच. मग आपली माणसं. हा क्रम मोडू नकोस, कारण आपल्या माणसांत आधी गेलास की कुणीतरी ‘अरे, लागली होती रेष’ म्हणणार आणि तू पुन्हा पेटणार. कर्णधाराला आधीच सांगून ठेव की शेवटची शिट्टी झाली की माझ्या पुढे चाल, मी तुझ्या मागे. समोर पाठ दिसत राहिली की पाय बरोबर तिकडे जातात. आत गेल्यावर रड, टॉवेलमध्ये तोंड खुपसून ओरड. त्यात काही कमीपणा नाही. हरल्याचं दुःख होऊ नये असं मी म्हणतच नाही. ज्याला होत नाही त्यानं खेळू नये.

आता पंचांचं. तुझी बोटं रेषेला लागली होती की नाही, मला माहीत नाही. कदाचित लागली असतील. पंच चुकतात. पण तू त्यांच्या अंगावर गेलास त्या क्षणी तुझी बोटं हा विषय संपला. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं ते आठव. गादीवरच्या लढतीत पाठ टेकल्याचा निर्णय वादाचा होता, हरलेल्या मल्लाचं म्हणणं होतं की खांदे टेकलेच नव्हते. लोक त्याच्या बाजूनं बोलत होते. मग त्यानं पंचांना लाथ मारली. पुढच्या लढतीत आणखी एका मल्लानं पंचांना शिवीगाळ केली. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली, आणि खांदे टेकले होते का, हा ज्यात त्याचं म्हणणं बरोबर ठरू शकलं असतं तो प्रश्न त्या लाथेखाली गेला. इतका तयारीचा मल्ल. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

न्याय मागायचा नाही असं कुठे आहे? मागायचाच. पण ज्यानं मागायचा त्यानं, ज्या वाटेनं मागायचा त्या वाटेनं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना तू पाहिलाच असशील, ७ ऑक्टोबर २०२३. भारत आणि इराण, २८-२८, जेमतेम मिनिट-दीड मिनिट शिल्लक, आणि भारताच्या पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद पेटला. तो मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात गेला, त्याच्या मागे इराणचे गडी गेले, कुणाला किती गुण यावर जुना नियम की नवा नियम असा घोळ झाला. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. तासभर खेळ थांबला होता. सुवर्णपदक लोंबकळत होतं. दोन्ही संघ आलटूनपालटून आक्षेप घेत होते, खेळाडू मॅटवर बसून राहिले. कुणाला मारहाण झाली नाही. तासाभरानं उठून उरलेला सामना खेळले, आणि भारतानं तो ३३-२९ असा जिंकला. इराणच्या मनात त्या निर्णयाचा सल राहिला असणारच.

याच्या पुढची गोष्ट मला तुला खास सांगायची आहे, कारण तू व्यावसायिक खेळाडू आहेस आणि तुझ्या त्या ओठांवरच्या बोटाचा याच्याशी संबंध आहे. त्या भारतीय संघात आपला अस्लम इनामदार होता. इराणकडे मोहम्मदरेझा शादलुई होता. सामना झाला शनिवारी. त्यानंतर दोनच दिवसांत मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला, आणि शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं ते पुणेरी पलटणनं. अस्लमच्या संघानं! ज्या माणसाशी आशियाई सुवर्णासाठी भांडलो, त्याच्याच बरोबर आता एका खोलीत राहायचं, एका साखळीत हात धरायचा. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पुणेरी पलटणनं पहिल्यांदा करंडक उचलला, तेव्हा कर्णधार अस्लम होता आणि पकडींचा खांब शादलुई.

हांगझोच्या मॅटवर त्या दोघांपैकी एकानं दुसऱ्याचा अपमान केला असता तर? कदाचित तरीही जमवून घेतलं असतं. पण साखळीतला हात नुसता पगारासाठी धरलेला आणि विश्वासानं धरलेला, यातला फरक तुला मी सांगायला नको. इराणच्याच फझल अत्राचलीचं बघ. यू मुम्बाचा कर्णधार होता, मग पुणेरी पलटणचा झाला, २०२२ चा अंतिम सामना पुण्यानं त्याच्या नेतृत्वाखाली खेळला. २०२५ च्या अंतिम सामन्यात तोच फझल पुण्याच्या विरुद्ध, दबंग दिल्लीकडून. राष्ट्रीय संघ, राज्य, कंपनीचा संघ, लीगचा संघ. तुम्हा लोकांची समोरची बाजू दर वर्षी बदलते. ज्या बाकापुढे तू मांडी थोपटलीस, पुढच्या लिलावात त्याच बाकावर तुला बसायला लागू शकतं. आणि हा नुसता हिशोब नाही. त्या बाकावरचे बारा जण तुझ्यासारखेच कुठल्या तरी गावातून आलेत, गुडघ्याला पट्ट्या बांधून पहाटे उठतात, त्यांच्याही आया टीव्हीसमोर बसलेल्या असतात. तुझी मेहनत किती असते हे तुझ्या गावापेक्षा, तुझ्या चाहत्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं.

मग जिंकल्यावर आनंद करायचा नाही का, असं तू विचारतोस. कर ना! पोटभर कर. कुणी सांगितलं तोंड पाडून उभं राहा म्हणून? मला तर खोटी नम्रताही आवडत नाही. अकरा गुण आणून ‘मी काहीच केलं नाही’ म्हणणारा पोरगा मला खरा वाटत नाही. फक्त तोंड कुणाकडे आहे ते बघ. मांडीवरची थाप आपल्या बाकाकडे बघून मार, गॅलरीकडे बघून मार, सोबत्याला उचल, मॅटला हात लावून कपाळाला लाव. आपल्या मातीत शड्डू ठोकतात तो लढतीआधी, समोरचा उभा असताना, त्याला ललकारायला. समोरचा पडल्यावर त्याच्या तोंडावर ठोकलेल्या शड्डूला वस्ताद लोक काय म्हणतात ते कुठल्याही तालमीत जाऊन विचार.

जिंकणं कसं असावं याचं माझ्या डोळ्यांपुढचं चित्र बालेवाडीचं आहे. ७ जानेवारी २०२०, महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघे काका पवारांचे पठ्ठे, पुण्यात एकाच तालमीत घाम गाळलेले, रोज एकमेकांशी जोर केलेले. एकमेकांचे सगळे डाव पाठ. कुस्ती शेवटच्या क्षणापर्यंत रखडली आणि हर्षवर्धननं ती ३-२ अशी घेतली. एका गुणाचा फरक. गदा आता याची, आणि त्याच्या वाट्याला आयुष्यभराचं ‘उपविजेता’. त्या क्षणी हर्षवर्धननं काय केलं? शैलेशला खांद्यावर उचललं आणि मैदानात फिरवलं. हरलेल्याला. स्टेडियम उभं राहिलं. त्यात हर्षवर्धनचा आनंद कमी झाला का रे? आणि दुसरी गोष्ट लोक विसरतात: शैलेशनं स्वतःला उचलू दिलं. एका गुणानं महाराष्ट्र केसरी हुकल्यावर, हजारो लोकांसमोर, जिंकलेल्याच्या खांद्यावर बसायला जी छाती लागते, ती मला गदेपेक्षा थोडी मोठीच वाटते.

आता तुझ्या डोक्यातली आणखी एक समजूत काढून टाकायची आहे. तुझ्या पत्रात ती एक चढाई अशी आलीय की जणू तिच्यावर तुझं आयुष्य ठरणार होतं. महाराष्ट्राच्या दोन्ही प्रो कबड्डी संघांचा हिशोब काढ. यू मुम्बा : २०१४ ला अंतिम सामना जयपूरकडून हरले, २०१५ ला बेंगळुरूला ३६-३० नं हरवून जिंकले, २०१६ ला पाटण्याकडून २८-३१ असे हरले. पुणेरी पलटण : २०२२ ला जयपूरकडून २९-३३, २०२४ ला विजेते, २०२५ ला दिल्लीकडून २८-३१. दोघांचे तीन-तीन अंतिम सामने, एकेक विजय, दोन-दोन पराभव. हे राज्यातले सगळ्यात मोठे संघ. वरच्या पातळीवर खेळायचं म्हणजे बहुतेक वेळा हरायचं, आणि तेही थोडक्यात हरायचं.

लीगनंच हे ओळखलं होतं. प्रो कबड्डीत पहिले कितीतरी हंगाम विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा कमी गुणांच्या फरकानं हरलात तर एक गुण मिळायचा. म्हणजे सामना हातातून गेलाय हे कळल्यावरही शेवटच्या दोन मिनिटांत हातपाय न गाळता खेळलात तर त्याची नोंद व्हायची. दहानं मागे असताना फरक सातवर आणायला जो चढाईपटू जातो, त्याचं रील निघत नाही. पण हंगामाच्या शेवटी गुणतक्त्यात त्या एकेका गुणावर संघ वर-खाली झालेले आहेत.

अनुप कुमारचा भारतीय संघ २०१६ च्या विश्वचषकात अहमदाबादला, घरच्या प्रेक्षकांसमोर, पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ३२-३४ हरला. कबड्डीत भारत कोरियाकडून हरला! काय काय ऐकावं लागलं असेल त्या मुलांना. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला १३-१८ असे मागे होते, तिथून अजय ठाकूरनं सामना फिरवला आणि ३८-२९ नं जिंकले. आणि मुलींचं तर त्याहून लांबचं. २०१८ ला जकार्तात इराणच्या मुलींनी आपल्या मुलींकडून आशियाई सुवर्ण २७-२४ नं घेतलं, आणि त्या इराणी मुलींना घडवलं होतं आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांनी. परक्या देशात, परक्या भाषेत, योग-प्राणायामापासून सुरुवात करून. आपल्या मुलींना ते सुवर्ण परत मिळवायला पाच वर्षं लागली. हांगझोला मिळालं तेही चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५ असं, एका गुणानं. धीर धर म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत थांब, एवढाच अर्थ तू घेऊ नकोस.

इन्स्टाग्रामबद्दल फार लिहीत नाही. हरलेल्या रात्री फोन सोबत्याकडे दे, सकाळी घे. जिंकलेल्या रात्रीही. पंचांची माफी मागायची ती पोस्ट टाकून नको. संघाच्या व्यवस्थापकांमार्फत चिठ्ठी दे, चार ओळींची, त्यात ‘पण’ हा शब्द नको. ‘माझं चुकलं, पण माझी बोटं लागली होती’ असं लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

आईला फोन कर. तिला कबड्डी किती कळते मला माहीत नाही, पण तू काय करणार आहेस हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. समजावायला जाऊ नकोस, रेषेची कथा सांगू नकोस. गावातल्या पोरांना मात्र काहीही सांगायची गरज नाही. पुढचा सामना बघतील तेव्हा त्यांना काय ते दिसेल.

कोपरारक्षकाला तोंड कसं दाखवू, असं विचारतोस. आजच फोन लाव. मध्यस्थ नको, मेसेज नको. सांग की त्या दिवशी पकड चांगली होती, मी हात मिळवायला हवा होता, आणि पहिल्या सामन्यात तुमच्या बाकापुढे जे केलं ते करायला नको होतं. यातली शेवटची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण हरल्यावरचा राग कुणीही समजून घेतो, जिंकल्यावरचा माज लक्षात राहतो. तो कदाचित तुटक बोलेल. कदाचित हसून सोडून देईल आणि गुडघ्याच्या दुखण्यावर बोलायला लागेल. खेळाडू बहुतेक असेच असतात. कसाही बोलला तरी तुझं काम झालं. त्यानं माफ केलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

राहिलं बाहेर बसणं. कबड्डीत बाद झालेला गडी बसतो तो रांगेत, ज्या क्रमानं बाद झाला त्या क्रमानं, आणि सोबत्यानं गुण आणला की त्याच क्रमानं परत आत जातो. स्वतःच्या जोरावर नाही, दुसऱ्यानं आणलेल्या गुणावर. लहानपणापासून तू असा हजार वेळा बसला असशील. तिथे बसलेला चांगला खेळाडू मान खाली घालून बसत नाही, तो आतल्यांना ओरडून सांगत असतो : बोनस उघडा आहे, उजवीकडे तिघंच आहेत, वेळ काढ. हे दोन सामने तसेच बस. तुझ्या जागी जो मुलगा खेळतोय त्याला ही संधी किती दिवसांनी मिळाली असेल, ते बघ. त्याचे गुण आले की तुझ्या पोटात गोळा येईल. येऊ दे. तरी टाळी वाजव, आणि ती त्याला ऐकू येईल अशी वाजव.

एक वही घे. समोरच्या दोन्ही कोपरारक्षकांचे पाय बघ : कितव्या सेकंदाला पुढे येतो, कोणत्या हातानं साखळी सोडतो, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईला खोल उभा राहतो की वर येतो. लिहून काढ. आणि मध्यंतराला ती वही तुझ्या जागी खेळणाऱ्या त्या मुलासमोर उघडून ठेव, त्यानं विचारायची वाट बघू नकोस.

– तुझी ताई